अण्णांचा खटका

अण्णांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते कबनुरात होते आणि मी कोल्हापुरात.

तुमची भुवई वर गेली, ती मला इथून दिसली. जाऊ द्या. मी तिखटमीठ लावून बोलतो असं आमच्या बुद्धिबळवाल्यांत सगळेच म्हणतात, आणि उगीच म्हणत नाहीत. म्हणून खुलासा करतो. मध्ये फोन होता. पण तो माझ्या कानाला नव्हता. रस्त्यापलीकडं चहाच्या गाड्यावर एक गृहस्थ उभे होते, फोन त्यांच्या कानाला होता, आणि आमच्या दोघांच्या मध्ये इंजिन चालू ठेवलेला उसाचा ट्रक उभा होता. एवढं सगळं ओलांडून मला शब्द न् शब्द ऐकू आला, "येतोय म्हणून सांगा सगळ्यास्नी! पळून कुणी जाऊ नका म्हणावं!"

ते गृहस्थ म्हणजे जिल्हा स्पर्धेचे पंच. त्यांनी कान चोळला, चहाचा ग्लास खाली ठेवला आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "म्हणजे येणार." त्यांच्या तोंडावर जी कळा आली, ती मी तोवर फक्त दाताच्या दवाखान्यात बाकड्यावर बसलेल्या लोकांच्या तोंडावर बघितली होती.

अण्णा मागवाले. कबनुरात घराच्या मागं पत्र्याची शेड, शेडमध्ये यंत्रमाग, आणि त्या मागांमधल्या बोळात अण्णांचा जन्म गेलेला. ज्यानं ती शेड आतून ऐकली नाही त्याला सांगून उपयोग नाही. आडवा दोरा पोटात घेऊन धोटा या टोकाकडून त्या टोकाकडं सुसाट पळतो. लाकडाचा असतो, पण टोकाला लोखंड. प्रत्येक फेरीला खटाक्, आणि असे सगळे माग एकदम. मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा माझ्या दाढेत भरलेली चांदी सैल झाली. डॉक्टरनं कारण वेगळं सांगितलं, पण तो कधी कबनूरला गेलाय? त्या आवाजात राहून राहून अण्णांचे कान गेले होते. समोरच्याचे ओठ वाचायचे आणि उत्तर द्यायचे. मात्र उत्तर देताना मध्ये माग चालू आहे असं धरूनच द्यायचे.

स्पर्धेच्या हॉलमध्ये बोलायला बंदी. अण्णा ती पाळायचे, म्हणजे कुजबुजायचे. एकदा त्यांनी पंचांच्या कानाला लागून विचारलं, "मुतारी कुठल्या अंगाला?" तर शेवटच्या रांगेतला एक भला माणूस स्वतःचा डाव सोडून दार दाखवायला उठला.

पण हे हसणं सगळं नंतरचं, घरी जाऊन दार लावून घेतल्यावरचं. हॉलमध्ये अण्णांपुढं कुणी हसत नसे. डावाआधी हात मिळवायची रीत आहे. अण्णा हात धरायचे आणि सोडायचेच नाहीत. अंगठ्यानं तुमचं एकेक बोट चाचपायचे, जसं काही ताब्यात घ्यायच्या आधी माल तपासून घेतायत, आणि म्हणायचे, "बसा पावणं. मराय गडबड न्हाई." गडहिंग्लजचे एक वकील होते. कोर्टात भल्याभल्यांना घाम फोडणारा माणूस. अण्णांशी हरल्यावर ते हॉलच्या बाहेर आले, स्वतःची मोटार तिथंच ठेवली आणि एसटीनं गावाला गेले. मागनं माणूस पाठवून गाडी नेली. विचारलं तर म्हणाले, स्टिअरिंगवर हात ठरत नव्हता.

खेळणंही मागवाल्याचंच. चाल करून झाली की उठायचे आणि टेबलांच्या दोन रांगांमधून हात मागं बांधून फिरायचे. या पटावर नजर, त्या पटावर नजर. फिरत फिरत आपल्याच टेबलाशी परत येऊन समोरच्याच्या एखाद्या प्याद्याकडं नुसतं बघायचे. साधं, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेलं प्यादं. पण अण्णांनी बघितलं की त्याची घटका भरलीच. डाव संपल्यावर सांगायचे, "आरं, तुटायच्या आदी धागा लोंबाय लागतोय की. तुला दिसत न्हाई व्हय?" मला दिसत नसे. जिल्ह्यात तगडे खेळणारे म्हणून दोघांची नावं घ्यायचे, एक अण्णा आणि दुसरा मी. यात तिखटमीठ नाही, हवं तर पंचांना विचारा. पण त्या दोघांतला दुसरा मी नेहमी दुसराच राहायचो. माझं वह्या-पेनांचं दुकान आहे. स्पर्धेत अण्णांशी गाठ आहे असं कळलं की आदल्या दिवशी मी गिऱ्हाइकाला पेन मागितलं तर खोडरबर द्यायचो.

असा हा सगळ्यांना भिववणारा माणूस स्वतः कशाला भीत होता, ते मला कबनूरला कळलं.

मी त्यांच्या सोप्यात, घराच्या पुढच्या खोलीत बसलो होतो. मध्ये पट मांडलेला, हातात चहा, मागं शेडीतला गदारोळ. तेवढ्यात लाईट गेली. अण्णांचे माग थांबले, शेजारचे थांबले, सगळी गल्ली एका दमात मुकी झाली. मला हायसं वाटलं. इतकं की मी पाय पसरले. आणि अण्णांकडं बघितलं तर त्यांच्या हातातली बशी वाजत होती. त्यांना आवाज ऐकू यायचा नाही, पण थांबलेला आवाज बरोबर ऐकू यायचा. बशी ठेवून ते शेडीत पळाले, भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला, एकेका मागापाशी जाऊन आत डोकावून आले आणि मग परत येऊन बसले.

"लाईट गेलीया, अण्णा," मी ओठ नीट हलवत म्हणालो. "दुसरं काही नाही."

"त्ये मलाबी कळतंय की. पर लाईट गेली की आदी खटका. मग बाकीचं. लाईट काय सांगून येत न्हाई. खटका तसाच ऱ्हायला, आणि तू म्हणालास बंदच हाय तवर तुटलेला धागा जोडून घ्यावा, आत हात घातलास, आणि लाईट आली. मग?"

मी पसरलेले पाय आवरून घेतले.

"माग तुज्या हातावरच चालू हुतोय." अण्णा शेडीच्या दाराकडं बघत होते. "आनि दुसरं सांगतो. भरल्या लाईटीत माग थांबला तर वळकायचं, कुणाचा तरी हात गेला. आदी समदं गप्प हुतंय. वरडणं मागनं येतंय."

त्यांनी हे कुणाचं पाहिलं होतं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, म्हणूनच विचारलं नाही. पण हात मिळवताना ते बोटं का चाचपतात, ते मला त्या चहाबरोबर समजलं. तो चहा मी अर्धा टाकला.

आता घड्याळाचं सांगतो, कारण सगळं घोडं त्या घड्याळापाशीच पेंड खाणार आहे. बुद्धिबळाच्या एका पेटीत दोन घड्याळं असतात. आपण चाल करायची आणि आपल्या बाजूचा खटका दाबायचा. आपली वेळ थांबते, समोरच्याची सुरू होते. दाबायला विसरलं तर चाल आपण केलेली, विचार समोरचा करतोय, आणि वेळ जातेय आपली. वेळ संपली की डाव गेला, मग पटावर तुमचं राज्य असो.

पूर्वीची चावीची घड्याळं टिकटिक करायची. अण्णांना कुठली ऐकू येणार? म्हणून ते डावा तळवा टेबलावर पालथा ठेवून बसायचे. लाकडातून टिकटिक हाताला लागायची. "त्ये चालतंय न्हवं, तवर मला निवांत वाटतंय," असं म्हणायचे. मग डिजिटल घड्याळं आली. आकडे पळतात, आवाज नाही. अण्णांनी पहिलं डिजिटल घड्याळ कानाला लावलं, टेबलावर ठेवून तळव्यानं बघितलं, आणि पंचांना म्हणाले, "ह्ये मुकं कुत्रं हाय. कवा चावंल कळायचं न्हाई." तळवा मात्र तसाच टेबलावर राहिला. येत नसलेल्या टिकटिकीची वाट बघत.

आणि एक शपथ होती. झालं असं की राधानगरीकडचे एक जुने खेळाडू चाल करून घड्याळ दाबायला विसरले आणि हातात आलेला डाव वेळ संपून घालवून बसले. बिचारे पाणी पीत होते. अण्णा हॉलच्या मधोमध उभे राहिले. "खटका इसरणाऱ्या माणसानं मागाफुडं उभं ऱ्हाऊ न्हाई! मी ज्या दिवशी ह्ये घड्याळ इसरीन, त्या दिवशी माग इकीन. ऐकलं न्हवं समद्यांनी?"

सगळ्यांनी ऐकलं. त्या वेळी कोल्हापुरात जे जे झोपले होते त्यांनीही ऐकलं.

हे सगळं लावून सांगितलं ते त्या एका शेवटच्या फेरीसाठी. कोल्हापुरातलीच स्पर्धा, भर दुपार, शाळेचा जुना हॉल. अण्णांचे आणि माझे गुण सारखे, आणि शेवटची गाठ आमची आमच्यातच. जो जिंकेल त्याची ढाल. मी हॉलच्या पायऱ्या चढत होतो तर पायरीवर काकी बसल्या होत्या, मांडीवर डबा. काकी म्हणजे अण्णांच्या घरच्या. जन्मात कधी त्या स्पर्धेला आल्या नव्हत्या.

"भाऊ, जरा हिकडं या."

मी खाली बसलो.

"परवा लाईट गेली. ह्येनी खटका वडलाच न्हाई. तसंच आत हात घालून धागा जोडत बसलं." काकींनी डब्याचं झाकण घट्ट होतं तरी परत दाबलं. "माजं ध्यान गेलं म्हणून. पळत जाऊन मी वडला. मी वडला आणि फुडच्या गल्लीत लाईट आली, भाऊ. माग सुरू झालं लोकांचं."

"अण्णा काय म्हणाले?"

"काय म्हंत्यात! 'तूच मदी कडमडलीस म्हणून इसरलो.' एक बारी न्हवं ह्ये. लई बारी झालंय. परत परत तेच इचारत्यात, जेवलो का मी. काय बोलाय गेलं की एकच, 'मी पटावर घड्याळ इसरलो का कदी? मग माजं डोस्कं शाबूत हाय.'" त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. "आज तुमच्यासंगं हाय न्हवं डाव? इसरलं तर झाकू नका."

"मी कशाला झाकीन, काकी?"

"समदी झाकत्यात. भिता की त्येस्नी समदी. पर मला त्येंचा हात पायजे, भाऊ. ढाल न्हाई मिळाली तरी चालंल."

मी आत गेलो तो पाय ओढत. समोर अण्णा आधीच बसलेले. माझा हात धरला, बोटं चाचपली. "बसा पावणं. मराय गडबड न्हाई." मला वाटलं, आहे अण्णा, आज कुणाची तरी गडबड आहे.

डाव कसा होता म्हणून विचाराल तर मी आजही पान-पानभर सांगू शकतो, पण सांगत नाही, घाबरू नका. एवढंच ध्यानात ठेवा की त्यांनी घोड्याचा बळी देऊन माझ्या राजापुढची प्यादी फोडली होती, त्यांचा हत्ती माझ्या घरात घुसला होता, आणि मी वजिराला ओढून ओढून दारात उभं करत होतो. दोघांचीही वेळ थोडी उरलेली. मी तर डावात नव्हतोच. प्रत्येक चालीला माझी नजर पटावर नाही, त्यांच्या उजव्या हातावर. चाल केली, हात घड्याळाकडं गेला, खटका. मी श्वास सोडायचो. पुन्हा चाल, हात गेला, खटका. इतका घाम मला आला होता की पटाखाली टॉवेल घालावा लागला असता. बरं, रुमाल म्हणू.

मग त्यांनी उंट उचलला. माझ्या राजाच्या तिरक्या रेषेत, लांबून, हळूच ठेवला. बघितल्याबरोबर मला कळलं, धागा लोंबतोय. आणि त्यांचा हात घड्याळाकडं निघाला असतानाच लाईट गेली.

वरचे जुने पंखे घरघर करत होते, ते मंदावले आणि थांबले. खिडक्यांतून ऊन होतं, कुणाचा डाव थांबायचं कारण नव्हतं. घड्याळं सेलवर चालणारी. पण हॉल एकदम गप्प झाला. अण्णांनी मान वर केली. पंख्याकडं बघितलं. तोंडाचा रंग उतरला. निघालेला हात हवेत थांबला, आणि परत फिरून पालथा टेबलावर आला. दोन्ही तळवे टेबलावर. मग त्यांनी पटाकडं नजर लावली आणि माझ्या चालीची वाट बघत बसले.

घड्याळात त्यांचे आकडे पळत होते.

मी वाट बघितली. आत्ता बघतील. आत्ता. बघेनात.

सांगावं, तर कसं? अण्णांना सांगायचं म्हणजे ओरडायचं. ते पटाकडं बघत होते, ओठ वाचायला मान वर करत नव्हते. ओरडलो असतो तर सगळा हॉल वळून बघणार आणि सगळ्या हॉलला ती शपथ पाठ. गप्प बसावं, तर त्यांची वेळ संपणार, पंच येणार, आणि तोच तमाशा, वर ढाल माझ्या हातात. तिसरी वाट होती, आणि ती फार सोपी होती. मी लगेच माझी चाल करून टाकायची. मग त्यांचं घड्याळ चालू असणं बरोबरच ठरतं. थोडा वेळ गेला एवढंच, विसरल्याचं त्यांना कधीच कळत नाही. शपथ सुटते, मान राहतो, सगळे सुखी.

माझा हात वजिरावर जाऊन घिरट्या घालत होता. हात लावला की खेळावंच लागतं, म्हणून लावला नव्हता एवढंच. आणि तेवढ्यात माझी नजर त्या टेबलावरच्या दोन तळव्यांवर गेली. मोठे, तेलाच्या रेषा कायमच्या मुरलेले, दहाच्या दहा बोटं शाबूत असलेले. वर पंखे थांबलेले. लाईट काय सांगून येत नाही. मला खरोखर असं वाटलं, की ते हात टेबलावर नाहीत, मागाच्या आत आहेत, आणि खटका कुणी ओढलेला नाही.

मी हात मागं घेतला. आणि तर्जनीनं टेबलावर वाजवलं.

टक. टक. टक. घड्याळासारखं, एकसारखं.

लांबून पंचांनी डोळे वटारले. मी वाजवत राहिलो. शेजारच्या पटावरचा "श्श" म्हणाला. मी वाजवत राहिलो. पंच उठून यायला लागले.

आधी अण्णांचा नुसता तळवा जागा झाला. बोटं किंचित पसरली. लाकडातून ते त्यांना लागलं होतं. आणि तुम्हाला काय सांगू, त्यांचं तोंड निवळलं. जत्रेत हरवलेल्या पोराला आईचा पदर सापडावा तसं. त्यांनी डोळेसुद्धा मिटले क्षणभर. मग त्यांना आठवलं, की ही घड्याळं वाजत नाहीत.

डोळे उघडले. माझ्या बोटाकडं बघितलं. बोटाकडून घड्याळाकडं.

अण्णांच्या तोंडावर मी भीती बघितली. आयुष्यभर त्या माणसाला मी भ्यालो होतो, आणि त्या घटकेला मला माझी ती जुनी भीती परत हवीशी झाली. ती कितीतरी बरी होती.

त्यांनी खटका दाबला. हळू, नव्या माणसासारखा. पंच माझ्या खांद्याशी येऊन म्हणाले, "टेबल वाजवताय? ताकीद देतोय तुम्हाला." मी म्हणालो, "द्या." आणि वर पंखे घरघरले. लाईट आली. हॉलभर बरं वाटल्याचा एक उसासा उठला.

अण्णांनी डावा हात टेबलावरून उचलून डोळ्यांपुढं धरला. उजव्या हाताच्या अंगठ्यानं त्याचं एकेक बोट चाचपलं. सगळी होती.

पुढं त्यांनी मला हरवलं. वेळ संपत आलेली असताना, धोट्यासारखा हात फिरवत. चाल, खटका. चाल, खटका. एकदाही चुकले नाहीत. उंटानं माझा राजा कोपऱ्यात बांधला, हत्तीनं मात. शेवटच्या चालीला मात झाल्यावर घड्याळाला काही अर्थ नसतो, तरी तोही खटका त्यांनी दाबला.

मी हात पुढं केला. त्यांनी धरला, पण बोटं चाचपली नाहीत.

"किती येळ चालू हुतं?"

"काही नाही, अण्णा," मी ओठ नीट हलवत म्हणालो. "आलं-गेलं. मी लगेच वाजवलं की. आणि लाईट गेली होती, कुणीपण विसरेल."

अण्णा माझ्या तोंडाकडं बघत राहिले. "लेका, तू पाचाचं पन्नास करून सांगणारा माणूस. आज तू कमी करून सांगाय लागलास, म्हंजे लईच येळ गेला आसणार."

मला उत्तर सुचलं नाही. मला उत्तर सुचलं नाही हे मी पुन्हा एकदा लिहितो, कारण आमच्या गावात यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

"आनि लाईट गेली म्हणून इसरलो, तर आनि काय ऱ्हायलं?" ते म्हणाले. "लाईट गेल्यावरच तर खटका."

त्यांनी ढाल घेतली. टाळ्या झाल्या. त्या दोन तळव्यांच्या मध्ये काय घडलं ते हॉलमध्ये दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकाच्या शब्दाला गावात किंमत नव्हती. अण्णांनी मनात आणलं असतं तर ती गोष्ट तिथंच मेली असती. ते ढाल काखेत मारून बाहेर पायऱ्यांवर आले. काकी उठून उभ्या राहिल्या. अण्णा त्यांच्यापुढं थांबून काहीतरी बोलले. मी दारातच होतो, चार हातांवर, आणि मला ऐकू आलं नाही. उसाच्या ट्रकपलीकडून ज्यांचा शब्द न् शब्द मी ऐकला होता, त्या अण्णांचे मला ओठ वाचावे लागले.

"खटका इसरलो ग."

काकींनी ढालीकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी अण्णांचा डावा हात धरला आणि तसाच धरून रिक्षापर्यंत नेला.

माग विकले गेल्याचं मला महिनाभरात कळलं. मी जायचं टाळत होतो. त्या घरात शांतता असणार, आणि त्या शांततेत बसलेले अण्णा बघायचे, एवढी छाती माझ्यात नव्हती. शेवटी काकींनीच फोन करून बोलावलं, "येकटंच पट मांडून बसत्यात, या की."

गेलो. शेड रिकामी होती. मागांचे पाय जिथं होते तिथं फरशीवर तेलाचे काळे चौकोन, आणि त्या चौकोनांच्या मधला बोळ चालून चालून गुळगुळीत झालेला. पण कबनूर ते कबनूर. शेजारचे माग, पलीकडचे माग, भिंती थरथरत होत्या. अण्णा बरे दिसले. तळवा टेबलावर पालथा, भिंतीतून येणारी ती थरथर हाताला लावून घेत बसलेले. "बसा पावणं," म्हणाले. माझं नाव त्यांना लगेच आठवलं नाही हे माझ्या लक्षात आलं. मी पटापट प्यादी मांडली. घड्याळ नव्हतं.

डाव रंगात आला होता, त्यांनी माझ्या एका प्याद्याकडं नुसतं बघितलं होतं, आणि लाईट गेली. गल्ली मुकी झाली.

अण्णा उठले. काकी आतनं दारात आल्या, पदर तोंडाशी. अण्णा रिकाम्या शेडीत गेले. भिंतीवर तो मोठा खटका अजून तसाच होता, खाली काहीही जोडलेलं नसलेला. त्यांनी तो खाली ओढला. त्या तेलाच्या एकेका चौकोनापाशी जाऊन वाकून बघितलं. मग परत येऊन बसले.

"इसरलो न्हाई," ते म्हणाले.

"नाही, अण्णा."

त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. बोटं थरथरत होती. मी न सांगता तर्जनीनं वाजवायला लागलो. टक. टक. टक. हळूहळू बोटं थांबली. माझी चाल होती म्हणून मी वाजवणं सोडून घोडा उचलला, तर अण्णांनी मान वर केली.

"वाजव की. थांबलास कशाला?"

मग मी उजव्या हातानं खेळलो आणि डाव्या बोटानं वाजवत राहिलो. लाईट आली, गल्लीतले सगळे माग एकदम उठले, भिंती हलायला लागल्या. आता माझ्या टकटकीची काही गरज नव्हती. तरी मी वाजवतच होतो. थांबवायचा माझा धीरच झाला नाही.